एल ट्रेन बंद होणार होती, झाली नाही. मग त्रास गेला कुठे?

न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, एल नावाची एक लाइन आहे. मॅनहॅटनमधे आठव्या अव्हेन्यूला सुरू होते, चौदाव्या रस्त्याच्या पोटातून सरळ पूर्वेला जाते, ईस्ट रिव्हरच्या तळाखालून ब्रुकलिनमधे निघते आणि शेवटी कॅनार्सीला जाऊन थांबते. एकूण स्टेशनं २४. त्या शहरात बऱ्याच लाइनींना चार-चार ट्रॅक आहेत, दोन स्लो दोन फास्ट, म्हणजे एका बाजूला काम काढलं तरी गाडी दुसऱ्या बाजूने काढून देता येते. एलला ती सोयच नाही. दोनच ट्रॅक, एक जायचा एक यायचा, आणि नदीखाली प्रत्येक ट्रॅकची वेगळी नळी, १९२४ साली सुरू झालेली. कामाच्या दिवशी या दोन नळ्यांमधून साधारण सव्वादोन लाख लोक नदी पार करायचे.

मी नाशिकचा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांना शिफ्टच्या बसेस लावून द्यायच्या, रूट बसवायचे, पिकअप पॉइंट ठरवायचे, हे माझं काम. त्यामुळे कुठे रस्ता बंद, कुठे रेल्वेचा ब्लॉक, कुठे पूल दुरुस्तीला काढला हे बघणं आता सवयीचंच झालंय, आणि हे एल ट्रेनचं प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही. कारण यात सगळं आहे, वादळ आहे, इंजिनिअरिंग आहे, राजकारण आहे, आणि वरवर बघितलं तर शेवट एकदम गोड आहे. पण कुणाची शिफ्ट किती वाजता सुटते असं विचारत बसलं की तो गोडवा जरा कमी होतो.

तर २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं. समुद्राचं पाणी शहरात घुसलं आणि जिथे खड्डा दिसेल तिथे उतरलं, आणि सबवेपेक्षा मोठा खड्डा कुठला. या एकट्या कॅनार्सी बोगद्यात ७० लाख गॅलन खारं पाणी भरलं, आपल्या हिशोबाने अडीच कोटी लीटरच्या वर. पाणी उपसलं, साफसफाई केली, नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात गाड्या परत धावायला लागल्या, लोक म्हणाले सुटलो. पण मीठ काही उपसून जात नाही ना. ते काँक्रीटमधे मुरतं, आतल्या लोखंडाला गंज चढवतं, तांब्याच्या केबल खातं, सिग्नलच्या पेट्या खराब करतं, आणि हे सगळं हळूहळू, वर्ष-दोन वर्षांनी आज इथे बिघाड उद्या तिथे बिघाड असं बाहेर यायला लागतं.

यात मुख्य पात्र कोण तर बोगद्यातला ओटा. रुळाच्या दोन्ही अंगांना, नळीच्या भिंतीला लागून, काँक्रीटचा लांबच्या लांब ओटा बांधलेला आहे, त्याला तिकडे बेंचवॉल म्हणतात. त्याची कामं दोन. एक म्हणजे गाडी मधेच अडकली तर प्रवासी डब्यातून उतरून या ओट्यावरून चालत बाहेर पडणार. आणि दुसरं म्हणजे त्याच्या पोटात पाइप टाकलेले आहेत, त्यातून वीज, सिग्नल, पंप, फोन सगळ्यांच्या केबल जातात. म्हणजे केबल बदलायची तर ओटा फोडायचा, आणि ओटा फोडायचा तर गाडी बंद, कारण त्या गोल नळीत गाडी आणि भिंत यांच्यात जागा असते ती जेमतेम. शिवाय जुनं काँक्रीट फोडलं की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात गेली की गेली, त्यामुळे ती खाली बसल्याशिवाय, साफ केल्याशिवाय गाडी सोडता येत नाही. रात्री फोडा आणि सकाळी गाड्या चालवा हे जमत का नव्हतं, त्याचं कारण इथे आहे.

२०१६ साली एमटीएने म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याने लोकांपुढे दोन पर्याय ठेवले. एक, दोन्ही नळ्या एकदम बंद करायच्या, १८ महिने, काम संपवून मोकळं व्हायचं. दोन, एका वेळी एकच नळी बंद ठेवायची, पण मग काम तीन वर्षं चालणार आणि त्या तीन वर्षांत गाड्या चालणार नेहमीच्या जेमतेम २० टक्के. मीटिंगा झाल्या, लोक आले, बोलले, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की एकदाच काय ते बंद करा, तीन वर्षं रोज मरण्यापेक्षा बरं. जुलै २०१६ मधे पूर्ण बंदचा निर्णय झाला, पुढच्या वर्षी ४७ कोटी ७० लाख डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं, मुदत १८ वरून १५ महिन्यांवर आली, आणि तारीख ठरली २७ एप्रिल २०१९.

आता इथून पुढची जवळपास तीन वर्षं ही माझ्या मते या केसचा सगळ्यात भारी भाग, कारण इतकी तयारी मी कुठल्या शहराने केलेली बघितलेली नाही. सव्वादोन लाख माणसं कुठे वळतील याचा अंदाज बांधला, त्यातली बहुतेक दुसऱ्या सबवे लाइनींवर जाणार म्हणून जी, एम, जे या गाड्या वाढवायच्या, काही गाड्यांना डबे जोडायचे, जिथे लोक बदली करणार त्या स्टेशनांचे जिने आणि गेट वाढवायचे असं ठरलं. उरलेल्यांसाठी विल्यम्सबर्ग पुलावरून तासाला ८० पर्यंत बसेस, आणि त्या बसेस अडकू नयेत म्हणून पुलावर गर्दीच्या वेळी तीनपेक्षा कमी माणसं असलेली कार नाही म्हणजे नाही. मॅनहॅटनमधे चौदावा रस्ता जवळपास फक्त बसेससाठी. नदीत नवीन फेरी बोट. सायकलसाठी वेगळ्या लेन. एकट्या बसेसचा हिशोब बघा, तासाला ८० म्हणजे पाऊण मिनिटाला एक, मला आमच्या त्र्यंबक नाक्याला पाऊण मिनिटाला एक बस वळवून दाखवा मग बोलू.

पण इतकी तयारी जाहीर झाली की लोकांना काय वाटतं? की बापरे, आता काही खरं नाही. ब्रुकलिनमधला विल्यम्सबर्ग भाग एल ट्रेनवरच फुगलेला, तिथली घरभाडी ढिली पडायला लागली, कुणी करार वाढवेना, कुणी सरळ दुसरीकडे घर बघितलं, दुकानदार आणि हॉटेलवाले हिशोब करत बसले की पंधरा महिने निघतील का. एकही गाडी अजून रद्द झालेली नाही आणि माणसं हलायला लागली. आपल्याकडे २०१५ च्या कुंभमेळ्यात हेच झालं होतं की. पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्टला, बंदोबस्त आणि वाहनबंदी इतकी कडक ठेवली की लोक घाबरून आलेच कमी, जे आले त्यांना बाहेरच्या पार्किंगपासून पाय तुटेस्तोवर चालायला लागलं, आणि शहरातले लोक तर दारं लावून घरी बसले. मग ओरड झाली आणि पुढच्या पर्वण्यांना ढील दिली तेव्हा गर्दी झाली. सूचना हीसुद्धा एक बंदीच असते, ती लागू व्हायच्या आधीच काम करायला लागते.

असो. बंद व्हायला चार-साडेचार महिने उरलेले आणि डिसेंबर २०१८ मधे राज्याचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो रात्री स्वतः बोगद्यात उतरले. सोबत कोलंबिया आणि कॉर्नेल या दोन विद्यापीठांतल्या इंजिनिअरिंगच्या मंडळींची टीम. फोटोबिटो झाले. आणि ३ जानेवारी २०१९ ला त्यांनी जाहीर करून टाकलं की बोगदा बंद करायची गरजच नाही! तीन वर्षं ज्यांनी मीटिंगा घेतल्या, नकाशे काढले, गेट रुंद केली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे जवळपास आपल्यासारखंच बातम्यांमधून कळलं म्हणे. यावर टीका खूप झाली आणि ती रास्त होती, कारण शेवटच्या क्षणी वरून साहेब आला आणि सगळा प्लॅन फिरवला ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

पण तांत्रिक मुद्दा मात्र बिनतोड होता, तो मान्य करायलाच पाहिजे. त्या टीमने विचारलं की केबल ओट्याच्या पोटातच का पाहिजेत? जुन्या केबल आत आहेत तिथेच मेलेल्या पडू द्या. नवीन केबल आग न पकडणाऱ्या, धूर न करणाऱ्या वेष्टणातल्या घ्या आणि नळीच्या भिंतीवर रॅक ठोकून त्यावर टांगा. मग ओटा फोडायचं कारणच उरत नाही, तो राहील फक्त चालायची वाट म्हणून. जिथे तो खिळखिळा झालाय तेवढाच तोडा, जिथे थोडा कमजोर आहे तिथे फायबरचं पॉलिमर गुंडाळून घट्ट करा, आणि तो हलतोय का, फुगतोय का हे बघायला सेन्सर बसवा. लंडन, हाँगकाँग, रियाधकडे अशा टांगत्या केबलची पद्धत वापरलेली होती. फोडाफोड कमी म्हणजे धूळ कमी, धूळ कमी म्हणजे रात्री काम करून सकाळी गाडी सोडता येते, आणि पंधरा महिन्यांच्या बंदच्या जागी आला रात्रीचा आणि शनिवार-रविवारचा ब्लॉक.

विरोधकांचं म्हणणं एवढंच की हे मलम आहे, ऑपरेशन नाही. नवा ओटा बांधला असता तर कितीतरी दशकं बघायला नको होतं, आता जुनाच ओटा आत मीठ घेऊन उभा आहे आणि त्याच्यावर सेन्सरने लक्ष ठेवायचंय. खरंय तेही.

२६ एप्रिल २०१९ च्या रात्री काम सुरू झालं. सोमवार ते शुक्रवार दिवसभर गाड्या जशाच्या तशा, एक सेकंदाचा फरक नाही. रात्री आठनंतर हळूहळू कमी व्हायच्या आणि दहा-साडेदहानंतर नदी ओलांडणारी गाडी वीस मिनिटांनी एक, पहाटे पाचपर्यंत. शनिवार-रविवार तर दिवस असो की रात्र, वीस मिनिटांनी एक. हा वीसचा आकडा कुठून आला तर एका नळीत काम चालू म्हणजे दोन्ही दिशांच्या गाड्या उरलेल्या एकाच नळीतून आलटून पालटून सोडायच्या, घाटात एक बाजू खोदलेली असली की पोलीस पाच मिनिटं वरच्यांना सोडतो आणि पाच मिनिटं खालच्यांना तसं. वरची गाडी पूर्ण पार झाल्याशिवाय खालची आत घालता येत नाही, आणि ट्रॅक बदलायचे सांधे बोगद्याच्या अगदी तोंडाशी नसतात, ते थोडे अलीकडे-पलीकडे असतात, त्यामुळे एकेरी तुकडा नदीपेक्षा लांब होतो. दर दहा मिनिटांनी एक गाडी आत जाणार, एकदा इकडची एकदा तिकडची, म्हणून प्रत्येक दिशेला वीस मिनिटं.

या काळासाठी सोयी केल्या त्या चांगल्या होत्या. एम गाडी एरवी त्या वेळेला मधेच संपायची, ती रात्री आणि वीकेंडला लांबवून थेट मॅनहॅटनमधे सेकंड अव्हेन्यूवर ९६ व्या रस्त्यापर्यंत नेली. जीच्या फेऱ्या वाढवल्या. दोन ठिकाणी, जिथे दोन लाइनींची स्टेशनं जवळजवळ आहेत पण आतून जोडलेली नाहीत, तिथे एकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरलात तर परत भाडं नाही. विल्यम्सबर्गमधे गोल फिरणाऱ्या फुकट बसेस. स्टेशनावर माणसं उभी केली रस्ता सांगायला. यातली फुकट बदली ही गोष्ट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, तिला ना खोदकाम लागत ना गाडी, नुसतं मशीनमधे सेटिंग बदलायचं आणि माणूस आपोआप दुसऱ्या वाटेला लागतो. आमच्याकडे ब्लॉकच्या दिवशी बसचं तिकीट वेगळं, रिक्षाचे पैसे वेगळे, पासवाल्याचा पास घरी.

पेपरांनी लिहिलं की महाप्रलय येणार होता तो आलाच नाही. पहिल्या वीकेंडला स्टेशनांवर थोडी रांग, थोडी चिडचिड, बाकी ठीक. आणि इथेच घोडं पेंड खातं.

वीस मिनिटांनी गाडी म्हणजे कागदावर सरासरी दहा मिनिटं थांबायचं. प्लॅनिंगवाले असा हिशोब करतात. पण ज्याला पंचिंग आहे तो सरासरी धरून कधीच निघत नाही, हे मला रोज दिसतं. थर्ड शिफ्टला अकराला गेटच्या आत पाहिजे आणि पाच मिनिटं उशीर झाला तर अर्धा तास कापणार असेल, तर माणूस एक गाडी आधीचीच पकडतो, म्हणजे वीस मिनिटं तो स्वतःच्या खिशातून देतो, रोज, जाताना. आणि सुटताना? सेकंड शिफ्ट सुटली, हात धुतले, बॅग घेतली, स्टेशनवर उतरेपर्यंत गाडी डोळ्यादेखत गेली, परत वीस. त्यात उतरल्यावर पुढे बस पकडायची असेल आणि ती रात्री अर्ध्या तासाने असेल तर चुकलेल्या वीसचे पन्नास होतात. दिवसा काही मिनिटांनी गाडी असते म्हणून चुकली तर चुकली, रात्री चुकलेल्या गाडीला व्याज लागतं.

आता बघा एल वर रात्री दहानंतर आणि रविवारी कोण असतं. ऑफिसवाला नसतो. रेस्टॉरंटच्या किचनमधला असतो, बारमधला असतो, बिल्डिंगची साफसफाई करणारा असतो, फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनजवळ तेव्हा चालू असलेल्या बेथ इस्रायलसारख्या हॉस्पिटलातली नर्स, वॉर्डबॉय असतात. या मंडळींना वर्षभर, एप्रिल २०१९ ते एप्रिल २०२०, आपल्या झोपेतली वीस-वीस मिनिटं द्यायला लागली, तेव्हा कुठे दिवसाच्या सव्वादोन लाखांना काहीच झालं नाही. हे चूक होतं असं मी म्हणत नाही. बेरीज केली तर माणसं गुणिले मिनिटं हा आकडा पूर्ण बंदपेक्षा नक्कीच कितीतरी कमी आला असणार, आणि माझ्यावर निर्णय सोपवला असता तर मीही बहुतेक हाच घेतला असता. पण तीन वर्षं जी तयारी झाली ती सगळी कुणाची? सकाळच्या गर्दीची. फेरी सकाळ-संध्याकाळच्या लोकांसाठी, पुलावरची कारबंदी त्यांच्यासाठी, तासाला ८० बसेस त्यांच्यासाठी, मीटिंगा संध्याकाळी सहा-सात वाजता, म्हणजे दिवसवाल्यांना जमेल अशा वेळेला. मग प्लॅन फिरला, त्रास दिवसावरून उचलून रातपाळीवर ठेवला, फेरी रद्द झाली, कारबंदी रद्द झाली, आणि ज्यांच्यावर नवा बोजा आला त्यांना तयारीला मिळाले मोजून चार महिने. सेकंड शिफ्टवाल्याला कुणी विचारलं का की बाबा तुला पंधरा महिने पूर्ण बंद पण जागोजागी बस हवी, की वर्षभर रात्रीची वीस मिनिटं? तो प्रश्न २०१६ च्या पर्यायांमधे नव्हताच मुळी.

२०२० च्या मार्चमधे कोरोना आला, सबवे ओस पडली, आणि जे तरीही रोज जात राहिले ते बहुतांशी हेच, हॉस्पिटलवाले, सफाईवाले, किराणावाले. एप्रिलच्या शेवटी बोगद्याचं काम संपलं असं जाहीर झालं, मुदतीच्या तीन महिने आधी आणि दहा कोटी डॉलर वाचवून असा सरकारचा दावा. म्हणजे वीस मिनिटांची कटकट मिटली. आणि दहाच दिवसांत, ६ मे पासून, अख्खी सबवे रात्री एक ते पाच बंद ठेवायला लागले, डबे निर्जंतुक करायला, जी सबवे ठरवून रोज रात्री बंद ठेवायची असं आधी कधी झालंच नव्हतं. रातपाळीचं नशीब, दुसरं काय.

चौदाव्या रस्त्याचं काय झालं ते मात्र मजेशीर आहे. तिथे बसेसना मोकळी वाट द्यायची ती एल बंद होणार म्हणून. एल बंद व्हायचं रद्द झालं, पण शहराने बसवाटेचा हट्ट सोडला नाही. आसपासचे रहिवासी कोर्टात गेले, की गाड्या आमच्या गल्ल्यांमधे घुसतील, उन्हाळ्यात सुरू व्हायची ती स्थगितीमुळे लांबली, आणि शेवटी ३ ऑक्टोबर २०१९ ला सुरू झाली. नियम साधा, तिसऱ्या ते नवव्या अव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात सकाळी सहा ते रात्री दहा कारने सरळ जायचं नाही, सोडायला-घ्यायला आलात तर काम करा आणि पुढच्या चौकात उजवीकडे वळून निघा. बसेस पहिल्या दिवसापासून इतक्या सुसाट सुटल्या की ड्रायव्हरना वेळापत्रकाच्या पुढे जाऊ नये म्हणून सावकाश चालवायला लागल्याच्या बातम्या होत्या. दीड वर्षाचा प्रयोग म्हणून आणलेली ती वाट पुढे कायमच झाली. म्हणजे दुरुस्तीसाठी केलेली तात्पुरती सोय राहिली आणि जिच्यासाठी केली ती अडचण आलीच नाही, असं क्वचित होतं. आपल्याकडे उलटं असतं, अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रोड होत होता तेव्हा वळवलेल्या रस्त्यांनी आमच्या बसेस किती महिने फिरल्या, आणि काम झाल्यावर त्यातली एकही सोय मागे राहिली नाही, राहिल्या त्या आठवणी.

स्टेशनांची कामं पण याच गठ्ठ्यात होती, फर्स्ट अव्हेन्यूला आणि ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड अव्हेन्यूला नवीन तोंडं काढली, लिफ्ट टाकल्या. ती कामं बोगदा संपल्यावरही काही महिने चालली. याची बातमी कुठे मोठी झाली नाही, पण व्हीलचेअरवाल्याला विचारलं तर तो सांगेल की केबल टांगल्या की पुरल्या यात मला काय, मला लिफ्ट मिळाली.

नाशिकरोडला राहणारे आमचे एक अण्णा आहेत, पंचवटी एक्सप्रेसचे जुने पासधारक, आता रिटायर. त्यांना मी ही सगळी केस सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अरे, हे काय तू मला न्यूयॉर्कचं सांगतोस, आमचा दर रविवार असाच गेलाय." त्यांच्या मते मेगाब्लॉक रविवारी घेतात कारण रविवारी लोक घरी असतात असं ठरवून टाकलेलं आहे, आणि ज्यांचा आठवड्याचा ऑफ मंगळवारी असतो त्यांना लोकांत मोजतच नाहीत. ३१ मे ते २ जून २०२४ चा जंबो ब्लॉक त्यांनी काढला, ठाण्याचा पाच-सहा नंबरचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तास आणि सीएसएमटीचे दहा-अकरा लांबवायला ३६ तास, लोकलच्या ९३० फेऱ्या रद्द. "तीन दिवस हाल झाले, पण तीन दिवसच ना," अण्णा म्हणाले. "कंपन्यांनी पण ऐकलं, घरून काम करा म्हणाल्या. तेच जर वर्षभर दर रात्री थोडं थोडं केलं असतं तर कुणी सुट्टी दिली असती का कुणाला?"

मी म्हटलं, "अण्णा, घरून काम करा हे ज्यांना म्हणाले ते दिवसवालेच होते. सीएसएमटीबाहेर वडापाव तळणाऱ्याला कोण म्हणणार घरून तळ?"

"ते खरंय," म्हणाले, "पण त्याचं तीन दिवसांचं नुकसान दिसलं तरी. पेपरात फोटो आला. तुझ्या त्या नर्सच्या वीस मिनिटांचा कुठे फोटो येणार?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, पण मी अजून त्यांच्याशी सहमत नाही. मोठा बंद सगळ्यांना सारखा दिसतो म्हणून तो जास्त न्यायाचा असतो असं नाही, त्यात ज्याच्याकडे पर्याय आहे तो पर्याय वापरतो आणि ज्याच्याकडे नाही तो चालतो. छोटा रोजचा ब्लॉक निदान दुरुस्त करता येतो, जर दहानंतर वीसच्या जागी पंधरा मिनिटं करायला जमत नसेल तर निदान पुढची बस त्या गाडीच्या वेळेला बांधता येते, ती थांबवून ठेवता येते. एल च्या केसमधे गाड्यांचं वेळापत्रक अगदी घासूनपुसून केलं, पण उतरल्यावर पुढे जाणाऱ्या रात्रीच्या बसेस त्याला जोडून घेतल्याचं कुठे फारसं वाचायला मिळत नाही. मी रूट लावणारा माणूस, मला पहिली खटकते ती ही गोष्ट, बोगद्यातल्या ओट्यापेक्षाही.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरभर खोदकामं निघालीत, पूल, रस्ते, रेल्वेची कामं, एकेक रस्ता कधी बंद कधी अर्धा. वळवलेल्या मार्गाची नोटीस येते त्यात अवजड वाहनं कुठून, चारचाकी कुठून सगळं असतं. मी आमच्या कंपन्यांकडून प्रत्येक शिफ्टला कुठल्या भागातून किती माणसं येतात त्याची यादी मागवून ठेवलीये आणि जिथे रस्त्याचं काम रात्री काढणार असं कळतं तिथे आधी थर्ड शिफ्टचा पिकअप हलवतो, मग बाकीचे. अण्णांचं म्हणणं, "सगळा रस्ताच आठ दिवस बंद करा म्हणावं, तुझी ही कटकटच नको." बघू, पुढच्या ब्लॉकला परत वाद घालू.